हात जोडले, पण कुणासाठी?

पूर्वी वेबपान संपायचं. खाली ‘पुढील पान’ असं बटण असे. ते दाबायचं की उठून चहा टाकायचा, एवढा तरी विचार करावा लागे. २००६च्या सुमारास अझा रास्किन या गृहस्थांनी ती तसदी वाचवली. बोट फिरवा, मजकूर येतच राहील. पुढे त्यांनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ती बातमीही लोकांनी बोट फिरवता फिरवताच वाचली असणार.

‘पुरे’ म्हणायची सोयच नसलेली ही पंगत. वाढपी आग्रही, आणि पोट मात्र रिकामं!

बरं, एकटेपणा म्हणावा तर व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये २०२२ पासून १,०२४ माणसं मावतात. परवा आमच्या कुलबंधूंच्या ग्रुपवर कुणाचे तरी काका गेल्याचं कळलं. लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘भावपूर्ण’ लिहिलं की ‘श्रद्धांजली’ फोनच सुचवतो. भावाचीही तीच व्यवस्था असावी. मधेच एकाने पिवळ्या गुलाबासह ‘शुभ सकाळ’ टाकलं. त्यानंतर आलेले हात काकांसाठी की गुलाबासाठी, हे ॲडमिनलाही सांगता येईना. काकांच्या घरी प्रत्यक्ष दोघेच गेले. एकाकडे स्मार्टफोन नाही, दुसऱ्याचा दुरुस्तीला टाकलेला.

या रितेपणावर उपाय नाही असं मात्र कुणी म्हणू नये. ध्यानाचं ॲप आहे. फोन बाजूला ठेवून शांत बसा, अशी आठवण ते रोज रात्री करून देतं, अर्थात फोनवरच. सलग काही दिवस शांत बसलात तर बॅज मिळतो. तो स्टेटसला टाकता येतो.