ओ साउंड!

त्याला घरी काहीतरी नाव असणार, पण कार्यक्रमाच्या दिवशी ते कुणी घेत नाही. स्टेजवरून "ओ साउंड!" अशी हाक येते आणि हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून मिक्सरशी बसलेला माणूस हात वर करतो.

कार्यक्रम सातचा असला की तो तीनला येतो. गायक पावणेसातला येतात आणि "अजून झालं नाही का?" म्हणतात. मधल्या वेळात त्यानं केबलची भेंडोळी सोडलेली असतात, फेडरखाली पांढरी चिकटपट्टी लावून 'तबला', 'डग्गा', 'पेटी', 'निवेदिका' असं लिहिलेलं असतं आणि लाइटवाल्याशी एक भांडण उरकलेलं असतं. डिमर आणि मिक्सर एकाच फेजवर आले की स्पीकर घूंऽऽ करायला लागतात. लोक म्हणतात, साउंड खराब आहे. लाइट खराब आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

चाचणीला गायिका मॅडम 'सा' लावतात तो शेजारच्या बाळाची झोपमोड होऊ नये इतक्या बेतानं. त्या 'सा'वर गेन ठरवला, तर कार्यक्रमात तार सप्तकात मीटरचे लाल दिवे पेटणार आणि आवाज फाटणार. तो मुकाट्यानं गेन खालीच ठेवतो. मग स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरचा घोळ. तबलजींना पेटी हवी, पेटीवाल्यांना तबला नको, मॅडमना फक्त मॅडम. ऑक्सची बटणं फिरवून तो प्रत्येकाला हवं ते देतो, तरी "अजून थोडं" संपत नाही. तेव्हा तो गंभीर चेहऱ्यानं एका रिकाम्या चॅनलचा फेडर वर सरकवतो. "आता?" "हां, आता कसं छान!"

पाहुण्यांना मात्र हा उपाय लागू पडत नाही. ते माइक जाळीपाशीच मुठीत धरतात. जाळी झाकली की माइक चहूकडचा आवाज ओढतो, स्पीकरचा आवाज फिरून माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी! सगळा हॉल रागानं मागे वळतो. शिट्टी वाजवणारा समोर उभा असतो. ती कितव्या हर्ट्झची हे कानानंच ओळखून तो तेवढाच भाग इक्वलायझरवर कापतो. घरी कुकर वाजला तरी म्हणे त्याचा हात हवेत बटण शोधतो.

एखादा माइक मुका झाला की कार्यकारिणीतले इंजिनिअर धावत येतात आणि "बेस वाढवून बघा" सुचवतात. तो आधी म्यूट बघतो, मग फेडर, मग सरळ केबल बदलतो. बहुतेक वेळा दोष तिचाच असतो. काढलेल्या केबलच्या टोकाला तो गाठ मारतो, म्हणजे उद्या चुकून पुन्हा लागायला नको. पेटीचा कंडेन्सर माइक गप्प असला, तर कधी कधी 48 व्होल्टचं बटणच राहिलेलं असतं, आणि तेही त्याच्याकडूनच. पण ते तो तडक दाबत नाही. स्टेजवर जातो, वाकतो, केबलला हात लावतो, चिंतेनं मान हलवतो. परत येऊन चॅनल म्यूट करतो, बटण दाबतो. इंजिनिअर म्हणतात, "मी म्हटलं होतंच, केबल!"

रात्री दहाला आवाज बंद. आभारात मांडववाले येतात, चहावाले येतात, लाइटवालेही येतात. मग खजिनदार पाकीट घेऊन मागे येतात आणि म्हणतात, "दादा, ती शिट्टी वाजली ना, पाचशे कमी करतो."

"करा की," तो वायर गुंडाळत म्हणतो, "पण शिट्टीचे मी लावलेच नव्हते."