गार वाऱ्याचा अर्ज

जिंतूरहून येलदरीस, पूर्णेवरील धरणाच्या दिशेने, वैशाखातील दुपारी निघालेल्या नव्या मोटारीत वारा अंमळ गार हवा असल्यास चालकाने काय करावे, याची व्यवस्था ज्या विद्वानांनी लावली, त्यांची उमेदवारी निजामी कचेरीत झाली असावी असा दाट संशय येतो. कारण जे कार्य पूर्वी, रस्त्यावरील नजर न ढळता, एक ओबडधोबड खुंटी चिमटीत फिरवताच सिद्धीस जात असे, त्यासाठी आता काचेच्या फलकावरील एका चित्राकडे व त्याच्या पोटातील दुसऱ्या चित्राकडे रीतसर अर्ज गुजरावा लागतो, आणि मंजुरी येण्यापूर्वी समोर शेळ्यांचा कळप हजर होतो. त्यातच फलकावर ऊन पडले की चित्रे अंतर्धान पावून चालकास स्वतःचेच घामाघूम मुखकमल दिसते.

प्रीमियर पद्मिनीचा गिअरदांडा स्टिअरिंगला बिलगलेला असे, ॲम्बॅसडरचा दिव्यांचा झोत खाली-वर करणारा खटका पायाखाली असे. गैरसोय तीही होतीच, परंतु ती अंगवळणी पडे. गुळगुळीत काचेवर मात्र बोट आजन्म नवशिकेच राहते.

मोटारींस सुरक्षिततेचे तारे बहाल करणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा व संकटकालीन हाक यांस स्वतंत्र कळ नसल्यास गुण कापण्याचे फर्मान काढले आहे. यादीत गार वारा नाही. युरोपास वैशाख अपरिचित, हे क्षम्य आहे. आमच्या कारखानदारांनीही तो केवळ वातानुकूलित दालनातूनच पाहिला असावा.