कोपऱ्यावरच्या लाल गाडीची सीट

"वहिनी, कोपऱ्यावरच्या घराकडे पाहिलंत का? पोरगं सकाळपासून अंगणात खाट टाकून बसलंय, आणि खाटेवर गाडीची सीट!"

वहिनी भिंतीपलीकडे मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकच काढली ना? मग दुसरीवर आई बसेल. तिला विचारा, गाडी आल्यापासून ती एकदा तरी बसली का त्यात."

नंदुरबारच्या आमच्या गल्लीत ही लाल गाडी दिवाळीनंतर आली. परदेशी बनावटीची, छप्पर उघडणारी, जेमतेम दोन माणसांची. नंबर जीजे-05, म्हणजे सुरतचा. आपल्याकडच्या एमएच-39 च्या रांगेत ती उभी राहिली की बुलेटवालेही वळून बघतात. आणि ठेंगणी इतकी, की गल्लीच्या तोंडाच्या स्पीडब्रेकरवर ती तिरकी करून चढवावी लागते. गाडी सेकंडहँड, हे पोराने सांगितलेलं नाही. ते सीटने सांगितलं.

दाराकडची कड! ड्रायव्हरच्या सीटची दाराच्या बाजूची फुगीर कड पार उडालेली. रंग गेलेला, आतलं राखाडी दिसतंय, वर तळहातावरच्या रेषांसारख्या भेगा. दुसरी सीट मात्र जवळजवळ नवी. मी म्हटलं, "आधीच्या मालकाला मित्र नसणार."

यावर आतून जिभाऊंचा आवाज आला. वहिनींचे यजमान, एसटीत सीटा शिवण्यात उमेदीची वर्षं घातलेले. गाडीची गोष्ट निघाली आणि जिभाऊ आत बसून राहिले, असं होत नाही. चहाची बशी घेऊन ते भिंतीशी आले. "मित्राचं काय नाही त्यात. ठेंगण्या गाडीत माणूस बसत नाही, उतरतो. आधी बूड टेकतं कडेवर, मग घसरत आत जातं. निघताना पुन्हा तिच्यावरच जोर. जीन्सचं बटण, खिशातल्या किल्ल्या, सगळं तिथंच घासतं. आमच्या ड्रायव्हर लोकांच्या सीटाही चढायच्या बाजूनंच आधी जायच्या."

आता पुढची बातमी मला होती, वहिनींना नव्हती. पोराने सीटला आधी आईच्या सांगण्यावरून खोबरेल चोळलं. चकाकी दोन दिवस टिकली, मग त्यावर धूळ बसून काळा थर झाला. नंतर मामाने बूट पॉलिशचा सल्ला दिला. तेही केलं. आणि रविवारी तोच मामा पांढरी पँट घालून त्या गाडीतून लग्नाला गेला.

"मग?"

"मग काय. पंगतीत पाठ भिंतीला लावूनच उभा होता म्हणे."

वहिनी मेथी सोडून हसल्या. जिभाऊ मात्र हसले नाहीत. ते कोपऱ्यावर निघाले, आणि त्यांच्यामागे आम्ही दोघी. भिंतीवरची गोष्ट फाटकापर्यंत नेल्याशिवाय राहवतं का कुणाला!

"काय करी ऱ्हायना भो तू?" जिभाऊंनी विचारलं. पोरगं दचकलं. त्याच्या हातात तिसरी बाटली होती, कसलं तरी कंडिशनर.

मग जिभाऊंनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं असतं, ते उघडं असतं, म्हणून तेल पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक क्रोम लावून कमावतात, वर रंगाचा थर देतात आणि त्याच्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा. आपण हात लावतो तो कातड्याला नाही, त्या थराला. तेल आत जाणारच कुठून? जिथे थर उडालाय तिथे मात्र ते जातं, आणि मग त्या जागेवर नवा रंग धरत नाही. म्हणजे जिथे दुरुस्ती करायची, नेमकं तिथेच आपण तेल पाजून ठेवलेलं.

"आणि हे सगळं कातडं तरी आहे का, हे पाहिलंस?" जिभाऊंनी सीट पालथी केली. बसायच्या जागेच्या कव्हरची मागची बाजू मऊ, केसाळ. ते कातडं. बाजूच्या पट्ट्या आणि पाठीमागचा भाग उलटून पाहिला तर विणलेलं कापड दिसलं. "हाई चामडं नही शे, रेक्झिन शे." पोराचा चेहरा पडला. विकणाऱ्याने पूर्ण लेदर म्हणून पैसे घेतले होते. यात फसवणूकच असते असंही नाही. पुष्कळ गाड्यांच्या 'लेदर' सीटांमध्ये अंगाला लागतो तेवढाच भाग कातड्याचा आणि बाकीचा कृत्रिम असतो. पालथं करून बघणं जमत नसेल तर झिजल्या जागी पाण्याचा एक थेंब टाकायचा. कातडं तो पिऊन काळसर होतं, रेक्झिनवर तो मण्यासारखा उभा राहतो. रेक्झिनला कंडिशनर लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यातलं मऊपण आणणारं द्रव्य उन्हाने उडून गेलं की ते कडक होऊन तडकतं, आणि कुठलंही तेल ते परत आणत नाही.

पुढच्या कामात निम्म्याहून जास्त वेळ नुसत्या धुण्यात गेला. मला वाटतं तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. व्हॅक्युमने शिवणीतली माती काढली. मग सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश, हातभर जागा घासायची, ओल्या फडक्याने पुसायची. पहिलं फडकं काळं, दुसरं तपकिरी, तिसरं पुन्हा काळं. ते मामांचं पॉलिश. पाणी ओतायचं नाही, फोम भिजला की आतून कुबट वास येतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन फक्त झिजलेल्या जागा पुसल्या. मग 600 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, आणि नंतर 1000 चा. पोराची आई दारातून म्हणत होती, "अरे, आहे तेवढंही घालवशील!" पण भेगांच्या उचललेल्या कडा बसल्याशिवाय वरचा रंग पुन्हा सोलून येणारच.

भेगांत लवचीक फिलर भरायचा, तोही पापडासारखा पातळ. वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा भरायचा. एकदाच जाड थापला तर पहिल्यांदा बूड टेकताच तडकणार. एका ठिकाणी बोटभर फाटलं होतं. तिथे वरून डिंकपट्टी न मारता फटीतून आत कापडाचा तुकडा सरकवला, लवचीक गोंदाने खालून चिकटवला आणि मग वर फिलर.

रंगाच्या वेळी मात्र नंदुरबारने आपला हिसका दाखवला. हिवाळा म्हणजे गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या. वारं फिरलं की अख्खा रस्ता शिंकतो. अंगणात पहिला हात दिला आणि तासाभरात त्यावर बारीक लाल ठिपके. "गाडी लालच आहे, शोभून दिसतंय," वहिनी म्हणाल्या. पण सीट काळी होती. ठिपके घासून काढले आणि सीट आतल्या खोलीत गेली. खरं म्हणजे उन्हात रंग द्यायचाच नसतो. तो वरून चटकन सुकतो आणि खाली धरत नाही.

रंग पाण्यात मिसळणारा, कातड्यासाठीचाच, कुरियरने मागवलेला. काळा म्हणजे काळा, त्यात काय जुळवायचं, असं मला वाटायचं. पण जिभाऊंनी डोक्याची उशी उपसून तिच्या खालचा भाग दाखवला. तिथे ऊन लागत नाही, म्हणून मूळ रंग तिथे सापडतो. तो निळसर काळा होता, बाटलीतला तपकिरी काळा. थेंबभर निळा मिसळून, कोपऱ्यावर लावून, वाळल्यावरच ठरवलं, कारण ओला रंग वेगळाच दिसतो. मग स्पंजने पातळ हात, हेअर ड्रायरने कोमट हवा, पुन्हा पातळ हात. शेवटी वरचा पारदर्शक थर, मॅट. ग्लॉस दिला असता तर सीट पुन्हा तेल चोळल्यासारखी दिसली असती. त्यानंतर 24 तास कुणी बसायचं नाही. मामांना तर आत येऊच दिलं नाही.

मध्ये एकदा पोराने इतिहास काढला. म्हणे आपल्याकडे गोव्यातही स्पोर्ट्स कार बनायची, सॅन स्टॉर्म. दोनच माणसांची, फायबरग्लासची बॉडी, रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. वहिनींना ती नवलाची वाटली नाही. त्यांना आठवली मुंबईची काळीपिवळी पद्मिनी, आणि तिच्या सीटांची फुलाफुलांची, चकचकीत कव्हरं. 2015 मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी त्या टॅक्स्यांच्या सीटांसाठी आणि छतांसाठी खास कापडं रेखाटली होती. पद्मिनी टॅक्सी तर 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेलीच. "सीटवर चित्र काढ म्हणावं त्याला," वहिनी हळूच मला म्हणाल्या, "तेवढीच आईला बसायची हौस वाटेल."

शिवणीची गोष्ट वेगळी. कडेची शिवण वीतभर उसवली होती. पोरगं मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलं होतं. दत्तजयंतीचा घोडेबाजार, तापीकाठ, खोगीरं आणि लगामांची दुकानं. तिथून त्याने कातड्याचा एक जाड तुकडा आणला होता, ठिगळाला. जिभाऊंनी तो बाजूला ठेवला. खोगिराचं कातडं सीटला वळत नाही. पण खोगीर शिवणाऱ्याची युक्ती त्यांनी घेतली, एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. सुया वाकड्या घेतल्या की कव्हर न काढता जुन्याच भोकांतून शिवता येतं. नवी भोकं पाडली तर कातडं टपाल तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा उन्हाने कुजतो.

फोमच्या बाबतीत मात्र पोराने ऐकलं नाही. कडेचा फोम बसला होता, त्याने गादीच्या दुकानातून मऊसा तुकडा आणून कोंबला. जिभाऊ म्हणाले, निदान 40 घनतेचा आण, नाहीतर महिन्याभरात पुन्हा बसेल, आणि कापड सैल पडून वर सुरकुत्या, सुरकुत्यांवर भेगा. पण ते काम करायचं तर कव्हर सोडवायचं, आतल्या लोखंडी रिंगा कापायच्या, पुन्हा घालायच्या. "इतकं कोण बघतंय जिभाऊ," पोरगं म्हणालं.

शेजारधर्म म्हणून खरं सांगते. हातभर अंतरावरून पाहिलं तर दुरुस्ती कळते, फाटकातून कळत नाही. रंगात पोरगं पास, फोममध्ये नापास. सुई आणि रंग घरी जमतो, कव्हर उतरवून पुन्हा ताणून बसवणं कुशनवाल्याकडेच द्यावं.

आणि तुमच्याकडे नव्यातली गाडी असेल तर सुई उचलण्याआधी सीटच्या बाजूला 'एअरबॅग' अशी चिठ्ठी शिवलेली आहे का ते पाहा. असेल तर त्या बाजूची शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घातलेली असते, धडकेत ती फाटून पिशवी बाहेर यावी म्हणून. तिथे जिभाऊंची पक्की शिवण चालत नाही, वरून कव्हरही चढवू नका, आणि सीटखालची पिवळी जोडणी बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय सोडवू नका. ते काम कंपनीच्या माणसाचं.