थांबासाहेब

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक तरी थांबासाहेब असतात. पीएचपीची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायची की नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नसतो. पण त्यांनी मान हलवल्याशिवाय बटण दाबायची कुणाची टाप नसते.

आवृत्तीचा पहिला आकडा बदलला तर ते मीटिंग बोलावतात, दुसरा बदलला तर रजा टाकतात. खरी पंचाईत तिसऱ्याची. तिथे नवीन काही नाही, नुसत्या दुरुस्त्या. मग साहेब बदलांची यादी छापून घेतात आणि लाल पेन उघडतात. ‘अमुक फंक्शन कोसळत होतं, दुरुस्त केलं’ वाचलं की भुवया वर. "आपल्याकडे कोसळलं का कधी? मग?" ‘वेग वाढवला’च्या खाली दोन रेघा. "म्हणजे चालत्या कोडला कुणीतरी हात लावलाय."

मुहूर्तही मिळत नाही. सोमवारी ट्रॅफिक जास्त, शुक्रवारी बिघडलं तर शनिवार-रविवार गेला, महिनाअखेरीला क्लायंटचे पगार, गणपतीत निम्मी टीम कोकणात.

टीममधल्या नव्या मुलीने फारच रेटलं, तर ऑगस्ट २०११ बाहेर निघतो. "१८ तारखेला ५.३.७ आली. तीही दुरुस्तीचीच होती बरं! क्रिप्ट फंक्शनकडे पासवर्डचा एमडी५ हॅश मागितला, तर हॅश गायब, नुसता सॉल्ट हातात. नवीन खातं उघडा आणि वाट्टेल तो पासवर्ड टाकून आत या! खुद्द पीएचपीवाल्यांना सांगावं लागलं, की थांबा. २३ला ५.३.८ आली." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगते, की तो सल्ला त्यांनीच दिला असावा.

मुलगीही तयारीची. "पण सर, ५.३.८वर जे बसून राहिले, त्यांचा सर्व्हर मुद्दाम रचलेला एक फॉर्म पाठवून गुदमरवता येत होता. ते ५.३.९ने बुजवलं. जानेवारी २०१२."

"आणि बुजवताना नवं भोक पाडलं! बाहेरच्याला आपल्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येईल एवढं. फेब्रुवारीत ५.३.१० काढावी लागली."

"मग ५.३.१० तरी लगेच घ्यायला हवी होती ना?"

साहेब चहा मागवतात.

अपग्रेड शेवटी होतं, नाही असं नाही. पुढची आवृत्ती निघाली, की साहेब मागची चढवायला परवानगी देतात. "हिच्यात काय काय चुकलंय, ते आता नव्या यादीत छापून आलंय. नवीचं अजून कुणालाच काही माहीत नाही."

"पण सर, ती यादी चोरही वाचतात."

"तेच म्हणतोय मी, अगं! यादी छापायची एवढी घाई कशाला करतात हे लोक? थांबायचं ना जरा!"