मुळावर आलेली इंग्रजी

नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ १९४९ साली निघालं आणि आपल्याकडच्या फुटपाथवर अजून कांद्याबटाट्यासारखं खपतंय. शब्द घोकू नका, लॅटिन-ग्रीक मूळ धरा, बाकीचं गणगोत आपोआप हाती येईल, हा त्यातला मंत्र. मीही धरलं. लॅटिन ‘पेड’ म्हणजे पाय. पेडल, पेडेस्ट्रियन पटापट सुटले. (हा आपल्या ‘पद’चाच सख्खा भाऊ, पण घरच्या मुळाला विचारतो कोण?) त्याच जोरावर पीडिॲट्रिशियनला पायांचा डॉक्टर ठरवून मोकळा झालो. तिथलं मूळ निघालं ग्रीक, अर्थ मूल!

‘मसल’ म्हणजे मुळात छोटा उंदीर, हे कळल्यापासून जिमवाल्या पोरांच्या दंडांकडे गंभीरपणे पाहवत नाही. ‘कँडिडेट’ मात्र मनापासून पटला. लॅटिन ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र. रोमचे उमेदवार खडूने पांढराफेक केलेला झगा घालून मतं मागत फिरत. आपल्याकडे कडक इस्त्रीची खादी चालते, एवढाच काय तो फरक.

आणि ‘स्कूल’चं ग्रीक मूळ? फुरसत. कृपा करून हे पोरांना सांगू नका.