कुलूप शाबूत, सायकल गायब

मुलुंड स्टेशनबाहेर रेलिंगला नुसतं पुढचं चाक लटकताना दिसलं, की ओळखावं: कुलूप अस्सल होतं. चोराने नट सैल केले, कुलपाचा मान राखला आणि उरलेली सायकल नेली. जाणकार म्हणतात, प्लॅस्टिकच्या नळीतली तार कटरपुढे टिकत नाही. पोलादी यू-लॉक घ्या, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही अडकवा. पण जुन्या सायकलीला तिच्याहून महाग कुलूप कोण लावणार?

त्यात १ जुलै २०२४ पासूनचे नवे कायदे: ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या चोराने माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. तेव्हा कुलूप परवडत नसेल, तर सायकल तरी महागाची घ्या; गेल्यावर निदान दखल घेतली जाईल!