खलाशी बोटीवर, नसबंदीचा पंधरवडा किनाऱ्यावर

डहाणू-तलासरीच्या सरकारी दवाखान्यात बाईसाठी माला-एन आणि छाया या गोळ्या आहेत, तांबी आहे, अंतरा इंजेक्शन आहे आणि शेवटी ऑपरेशन आहेच. पुरुषासाठी निरोध आणि नसबंदी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के.

अंतरा हे हार्मोनचं इंजेक्शन, २०१७पासून सरकारी योजनेत. पाळी मागेपुढे होते, कधी बंदच होते. आशाताई ते आधी सांगते, कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख पडते आणि बाई भातलावणीला निघते.

असंच इंजेक्शन पुरुषांवरही करून पाहिलंय. बाहेरून हार्मोन दिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना इशारा देणं थांबवते आणि शुक्रजंतू बनणं जवळजवळ बंद पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने ३२० पुरुषांना दर आठ आठवड्यांनी ते दिलं. वर्षाला शंभर जोडप्यांमागे गर्भधारणा दोनाहूनही कमी! तरी नैराश्य, चिडचिड, दुखणं अशा तक्रारींमुळे बाहेरच्या परीक्षण समितीने २०११ साली ते थांबवायला लावलं. नैराश्य हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, समितीची काळजी खरी होती. पण त्याच पुरुषांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक जण ‘मिळालं तर वापरू’ म्हणत होते, हे २०१६ साली छापून आलं. तरी ‘पुरुष तयारच होत नाहीत’ हे पालुपद चालूच.

बाळंतपणाचा धोका बाईच्या जिवाला, म्हणून तिच्या औषधाचा त्रास चालतो. पुरुषाला तो धोका नाही, म्हणून त्याच्या औषधाचा त्रास चालत नाही. हा हिशेब मला मान्य नाही. मूल दोघांचं, तर जोखीमही दोघांची मिळून मोजा.

डहाणू-तलासरीचा पालघर जिल्हा ठाण्यातच होता तेव्हा, ठाण्याच्या ग्रामीण भागात कुटुंब नियोजनाचा ‘चार्म’ नावाचा प्रयोग झाला. परळची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था त्यात होती. गावातले पुरुष डॉक्टर आधी नवऱ्यांशी बोलले, मग जोडप्यांशी. साधनांचा वापर वाढला, बायकोवरची लैंगिक जबरदस्ती कमी झाली. त्याच संस्थेच्या देखरेखीखाली आज डहाणूत ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. मग पुरुषांशी बोलणं अडतं कुठे?

खांद्यावर चोळायच्या हार्मोन जेलच्या चाचण्या परदेशात झाल्या आहेत. ते येईल तेव्हा येईल. आदिवासी पाड्यांची प्रयोगशाळा करा, असं मी मुळीच म्हणत नाही. पुरुषाला त्याच्या बोलीत समजावून, त्याने खुशीने हो म्हटल्याशिवाय कुणालाही सुई टोचू नये. पण बिनटाक्याची नसबंदी आजच हाताशी आहे. तिचा पंधरवडा आपण पाळतो २१ नोव्हेंबरपासून. तेव्हा इथले खलाशी गुजरातच्या बोटींवर असतात आणि दिवाळी उरकून कितीतरी जोडपी वीटभट्टीवर गेलेली असतात. मासेमारी बंद असते पावसाळ्यात, पुरुष घरी असतो तेव्हा. पंधरवडा तेव्हा घ्या, आणि आशाताईबरोबर पुरुष आरोग्यसेवकालाही पाड्यावर पाठवा.